पंपाला किती? : व्यवहारातल्या मराठी लेखनाविषयी

कृषी सेवा केंद्रात कीटकनाशक घ्यायला आलेला शेतकरी आधी भाव विचारतो आणि मग विचारतो, "पंपाला किती?" पाठीवरचा फवारणी पंप पंधरा-सोळा लिटरचा. त्यात औषध किती टाकायचं, एवढंच त्याला हवं असतं. बाटलीसोबतच्या घडीच्या पत्रकात याचं उत्तर नसतं असं नाही. पण ते हेक्टरी प्रमाणात, क्रियाशील घटकाच्या ग्रॅममध्ये दिलेलं असतं, आणि पाणीही हेक्टरी लिटरमध्ये. त्यावरून पंपाचं प्रमाण काढायचं तर आधी हेक्टरचे एकर करा, एकराला किती पंप लागतात ते धरा, मग भागाकार. दुकानदार हा हिशेब मनातल्या मनात करतो, किंवा करतही नाही, आणि सांगतो, "दीड झाकण." झाकण कोणत्या बाटलीचं, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं.

पत्रक मराठीत नसतं, अशी तक्रार इथे करता येत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे माहितीपत्रकात प्रादेशिक भाषा असावीच लागते आणि ती असतेही. एका कागदावर बऱ्याच भाषा बसवायच्या म्हणून टाइप इतका बारीक, की चष्मा लावूनही ते वाचणं अवघड. बाटलीवर विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण हिरवा दिसला की "हे साधं औषध" असा अर्थ घेणारे कितीतरी जण भेटतात, कारण हिरव्याचा अर्थ 'कमी विषारी' आहे, 'बिनविषारी' नव्हे, हे त्यांना कळेल असं कुठे लिहिलेलं नसतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती: डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन औषधं एकत्र करण्याची सवय, तोंडाला फडकंसुद्धा नसणं. सगळा दोष पत्रकावर टाकणं अन्यायाचं होईल. पण त्या शिवारांत पोचलेल्या बाटल्यांबरोबर सुरक्षिततेच्या सूचनाही छापील पोचल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

आपली कृषी विद्यापीठं शिफारस कशी देतात पाहा: दहा लिटर पाण्यात दहा मिलिलिटर. पंधरा लिटरच्या पंपाला पंधरा, हे कोणीही काढेल. माहिती तीच, शास्त्रही तेच. फरक इतकाच, की लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या हातातलं माप उचललं.

हे पुस्तक त्या मापाविषयी आहे.

धंद्याच्या कामासाठी मराठीत रोज किती लिहिलं जातं, याचा आपण कधी विचार करत नाही. दरपत्रक, कोटेशन, हप्त्याची आठवण, थकबाकीची नोटीस, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, साखर कारखान्याच्या सभेची नोटीस, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, गिरणीच्या दारावरची पाटी, क्लासचं पत्रक, दुरुस्तीला टाकलेल्या मिक्सरची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी फराळाची यादी. कथा-कादंबऱ्यांपेक्षा हे लेखन कितीतरी जास्त लोक वाचतात, आणि नाइलाजाने वाचतात. तरी त्याला लेखन म्हणायला आपण तयार नसतो. शाळेत औपचारिक पत्र शिकवतात ते गुणांपुरतं: पत्ता कुठे, विषय कुठे, 'आपला विश्वासू' कुठे. पत्र वाचून समोरच्याने काय करावं, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

याला परंपरेचा अभाव म्हणावं तर तसंही नाही. पत्र कसं लिहावं हे शिकवणारे ग्रंथ मराठीत जुने आहेत. मेस्तकं म्हणून ते ओळखले जात, आणि यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. कोणाला कोणता मायना लिहायचा, तीर्थरूप कोणाला, राजश्री कोणाला, वडीलधाऱ्याला विज्ञापना आणि धाकट्याला आशीर्वाद, याची त्यात काटेकोर व्यवस्था असे. चिटणीस हा कारभारातला मानाचा अधिकारी होता. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं नाव आजही घेतलं जातं ते काही तलवारीसाठी नव्हे. जुनी पत्रं वाचताना मायन्याच्या लांबीने आपण थकतो, पण मायना संपला की मजकूर बहुधा थेट कामावर येतो: अमुक इसम पाठवला आहे, इतके रुपये द्यावे, पावती घ्यावी. आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे'. पुढे लिहिण्यासारखं काही उरलं नाही हे ओळखून लेखणी ठेवणारी ही माणसं होती.

पण माझ्या मते या परंपरेचा खरा वारसा दरबारात नाही, पेढीवर आहे. हुंडी घ्या. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे. मुदती म्हणजे ठरल्या दिवसांनी. शाहजोग म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायची. जोखमी म्हणजे माल सुखरूप पोचला तरच. एकेका शब्दात पैसे कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर द्यायचे हे सगळं आलं. रक्कम लिहिताना तिची निम्मी रक्कमही लिहायची आणि 'याचे दुप्पट' असं नोंदवायची रीत व्यापाऱ्यांत होती. हजाराची हुंडी असेल तर पाचशे, त्याचे दुप्पट. एका आकड्यात खाडाखोड केली तर दुसरा आकडा चुगली करणार. हा अलंकार नव्हता. शेकडो कोसांवरचा, कधीही न भेटलेला माणूस हा कागद वाचून पैसे मोजणार आहे, त्याला विचारायला जागा नाही, आणि त्याने चूक केली तर पैसे आपले जाणार आहेत, हे जाणून लिहिलेला तो मजकूर होता.

शेवटची अट महत्त्वाची. चूक झाली तर पैसे आपले जाणार. व्यवहारातलं लेखन कुठे स्वच्छ असतं आणि कुठे गढूळ, याचा शोध घेत गेलं की दर वेळी हाच प्रश्न पुढे येतो: न समजल्याचा तोटा कोणाला? ज्याने लिहिलं त्याला तोटा होणार असेल तर मजकूर आपोआप सुधारतो. वाचणाऱ्याला होणार असेल तर तो आहे तसाच वर्षानुवर्षं छापला जातो.

एका पतसंस्थेची नोटीस माझ्यासमोर आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण अशी नोटीस कोणत्याही तालुक्यात मिळेल:

"उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण आमचे संस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते वेळोवेळी सूचना देऊनही मुदतीत भरणा न केल्यामुळे आपले कर्ज खाते थकबाकीत गेलेले असून, सदर थकबाकीची रक्कम सदर नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांचे आत भरणा करावी, अन्यथा आपणांविरुद्ध सहकार कायद्यान्वये पुढील कार्यवाही करण्यात येईल व होणाऱ्या खर्चास व परिणामास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल याची नोंद घ्यावी."

भाषा जड आहे, हे तर उघड आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पैसे मागणाऱ्या या कागदात पैसे किती ते नाही. कोणते हप्ते राहिले ते नाही. पैसे कुठे आणि कसे भरायचे ते नाही. 'पुढील कार्यवाही' म्हणजे नेमकं काय, तेही नाही. नोटीस हातात पडलेला माणूस घाबरतो, पण काय करावं हे त्याला कळत नाही. मग तो एकतर संस्थेत जाऊन तासभर बसतो, नाहीतर कागद देवघरामागे खोचून ठेवतो. बहुतेक जण दुसरंच करतात, आणि वसुली अधिकारी म्हणतो, लोकांना नोटिशीची किंमतच राहिली नाही.

तीच नोटीस या पुस्तकात अशी लिहिली आहे:

"तुमच्या कर्जाचे जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन हप्ते भरायचे राहिले आहेत. हप्त्यांचे १८,००० रुपये आणि दंडव्याज ६०० रुपये मिळून आजची बाकी १८,६०० रुपये आहे. ही रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत शाखेत किंवा खालील खात्यावर भरा. एकदम भरणं जमत नसेल तर त्याआधी शाखाधिकाऱ्यांना भेटा. हप्ते पाडून देता येतील. ३० सप्टेंबरपर्यंत पैसे भरले नाहीत आणि भेटायलाही आला नाहीत, तर आम्ही सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करू. त्याचा खर्च तुमच्या खात्यावर पडेल आणि तुमच्या दोन्ही जामीनदारांनाही नोटीस जाईल."

लांबी फारशी कमी झाली नाही. सुबोध म्हणजे तोकडं, हा गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकलेला बरा. दरारा तर उलट वाढला. 'सर्वस्वी जबाबदार राहाल' या शब्दांनी कोणी हलत नाही. जामीनदाराला नोटीस जाणार म्हटलं की हलतो, कारण जामीनदार म्हणजे मेव्हणा किंवा शेजारचा पाटील असतो. वकील मंडळी इथे हरकत घेतात, की कायद्याची भाषा अशी सैल करता येत नाही. रक्कम, तारीख आणि कलम घातल्याने कागद कायद्यात कमकुवत कसा होतो, हे मात्र त्यांच्यापैकी कोणी मला अजून पटवून दिलेलं नाही.

ही 'सदर' आणि 'उपरोक्त'ची भाषा पतसंस्थांनी काही घरून आणलेली नाही. १९६० साली राज्य झालं, भाषा संचालनालय झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि इंग्रजीत चालणारा सगळा कारभार मराठीत आणायचं प्रचंड काम थोड्या वर्षांत उरकावं लागलं. त्या कामाची टिंगल करणं सोपं आहे. मी करणार नाही. ते झालं नसतं तर आज मराठीत कारभारच नसता. पण सरकारी टिपणीत 'करण्यात यावे' शोभतं, कारण तिथे आदेश व्यक्तीचा नसून पदाचा असतो. दुकानदाराला, डॉक्टरला, क्लासवाल्याला असं पद नसतं. 'आपली तक्रार नोंदवून घेण्यात आलेली असून यथावकाश कार्यवाही करण्यात येईल' असं वॉशिंग मशीनवाल्याने लिहिलं, की ग्राहकाला बरोबर कळतं, कोणी येणार नाही. 'गुरुवारी दुपारी दोनच्या आत आमचा माणूस येईल' यात कर्ता आहे, वार आहे, वेळ आहे. आणि न आल्यास भांडता येईल अशी सोयही आहे. पहिलं वाक्य नेमकी तीच सोय काढून घेण्यासाठी लिहिलेलं असतं.

बाजाराचे स्वतःचे शब्द या भाषेहून कितीतरी तयारीचे आहेत. जमा, खर्च, बाकी, वसूल, हप्ता, रक्कम: सगळे फारसी-अरबीतून आलेले, आणि शतकानुशतकं वह्यांतून घासून गुळगुळीत झालेले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले, पण वाण्याच्या खतावणीतली 'बाकी' जागची हलली नाही. तिला हलवायची गरज आजही नाही.

दुसऱ्या टोकाला पुणेरी पाटी. तिचं कौतुक इतकं झालंय, की व्यवहारातल्या मराठीचा ती आदर्श मानली जाते. अर्थाच्या बाबतीत तिच्यात खोट नाही. एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद. पण ती लिहिणाऱ्याच्या सोयीची पाटी आहे, गिऱ्हाइकाच्या नाही. वाचून हसू येतं हा तिचा गुण, आणि दुकानाला तिचा फारसा उपयोग नाही. पाट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यानंतर राज्यातल्या दुकानांवर ठळक देवनागरी आली. दुकानात शिरल्यावर हातात पडणारं बिल, वॉरंटी कार्ड आणि माल परत घेण्याचे नियम अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच आहेत. पाटीसाठी दंड आहे, वॉरंटी कार्डासाठी नाही.

मराठीत धंद्याचं लेखन मन लावून केलं गेलं त्याचं एक उदाहरण मला फार मोठं वाटतं, म्हणून त्यावर थोडा थांबतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, गिऱ्हाईक नव्हतं. लोखंड लागलं की जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि १९२० मध्ये तिथून एक मासिक निघालं: किर्लोस्कर खबर.

ते काढलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे पुढे शंवाकि म्हणून प्रसिद्ध झालेले संपादक, यांनी. चित्रकला शिकलेले शंकरराव कारखान्याच्या जाहिरातीचं काम पाहत. खबर हे सुरुवातीला सरळसरळ कारखान्याचं पत्र होतं: आमचा माल, आमची गिऱ्हाइकं, आमचे एजंट. पुढे ते वाढत वाढत महाराष्ट्राच्या घराघरांतलं किर्लोस्कर मासिक झालं, १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही भावंडं त्याला आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या विचारांवर या तीन मासिकांनी जे केलं त्यावर वेगळी पुस्तकं आहेत. मला इथे रस आहे तो सुरुवातीच्या निर्णयात. माळरानावरच्या लोखंडाच्या कारखान्याला मासिक का सुचावं?

माझा तर्क असा. नांगर एकदा घेतला की शेतकरी पुढची कित्येक वर्षं दुकानाकडे फिरकत नाही. आणि घेण्याआधीही तो कित्येक वर्षं विचार करतो. म्हणजे विक्रीचा क्षण एक, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे लांबच लांब काळ. तेवढा काळ माणसाशी बोलत राहायचं तर 'आमचा नांगर उत्तम' हे वाक्य दरमहा कितीदा म्हणणार? मग बोलायचं कशावर? त्याच्या शेतावर, त्याच्या शंकांवर, त्याच्या घरातल्या बदलत्या गोष्टींवर. लोखंडाने जमीन नासते ही शंका जाहिरातीच्या एका ओळीने फिटणारी नव्हती. ती शेजारच्या गावातला माणूस नांगर वापरतो आणि त्याचं पीक उभं आहे, हे दिसल्यानेच फिटणार होती. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून पुण्या-मुंबईत महागडे वर्ग घेतले जातात, ते कृष्णाकाठच्या एका माळावर शंभर वर्षांपूर्वी चालू होतं. आणखी एक. खबर लिहिली जात होती ती जागा ओतशाळेच्या हाकेच्या अंतरावर होती. फाळ कसा ओततात, कुठे मोडतो, गिऱ्हाईक काय म्हणून परत आणतं, हे लिहिणाऱ्याला विचारायला कुठे लांब जावं लागत नव्हतं.

आज बहुतेक ठिकाणी हेच तुटलेलं आहे. ठिबक सिंचनाची पुस्तिका लिहिणारा मुलगा हुशार असतो, त्याचं मराठीही चांगलं असतं, पण लॅटरलच्या टोकाची बुचं सोडून नळ्या धुताना आधी किती घाण पाणी येतं आणि ते स्वच्छ होईपर्यंत थांबायचं असतं, हे त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून तो लिहितो, 'संचाची नियमित देखभाल करावी.' वाक्य चूक नाही. त्यात माहिती मात्र काहीच नाही. अशा वाक्यांना भाषेचे वर्ग घेऊन उपाय होत नाही. लिहिणाऱ्याला एक दिवस शेतावर पाठवावं लागतं.

शेतावर गेल्यावर आणखी एक गोष्ट कळते. पिकातलं तण काढण्याच्या कामाला सांगली-कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात, आणखी कुठे खुरपणी, विदर्भात निंदण. पश्चिम महाराष्ट्रातली कोळपणी विदर्भात गेली की डवरणी होते. सगळ्या राज्यासाठी एकच पत्रक छापणारी बियाणे कंपनी यावर 'आंतरमशागत' हा पुस्तकी शब्द काढते, जो कोणाचाच नाही आणि म्हणून सगळ्यांना सारखाच परका आहे. दोन शब्द शेजारी शेजारी लिहिणं, किंवा अमरावतीला वेगळं पत्रक आणि मिरजेला वेगळं, हे खर्चाचं काम आहे हे मान्य. पण बियाण्याच्या किमतीपुढे कागदाची किंमत काय, हाही हिशेब करून पाहायला हरकत नाही.

रंजक लिहा, असं हल्ली सगळे सांगतात. रंजकतेच्या नावाखाली काय होतं ते दिवाळीच्या आधी महिनाभर फोनवर दिसतं. 'खमंग, खुसखुशीत, आजीच्या हातची चव, परंपरेचा गोडवा, आजच ऑर्डर करा!' पुढे पणत्यांची रांग. हा मजकूर चिंचवडच्या काकूंचा की डोंबिवलीच्या, ओळखता येत नाही. आता दुसरा:

"चकली भाजणीची, शेंगदाणा तेलात तळलेली. किलोत साधारण ४० बसतात. शंकरपाळे साजूक तुपातले, कमी गोड. अनारसे फक्त पंधरवड्याआधी सांगितल्यास, कारण तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. परदेशी पाठवायचं असेल तर लाडू बेसनाचेच घ्या. ओल्या नारळाचे टिकत नाहीत."

इथे एकही विशेषण मिरवायला आलेलं नाही, तरी तोंडाला पाणी सुटतं. तांदूळ भिजवण्याचे तीन दिवस वाचले की या बाईला अनारसे येतात, ही खात्री पटते. न्यू जर्सीतल्या मुलीला डबा पाठवू पाहणाऱ्या आईला नारळाच्या लाडवांबद्दलची सूचना तर फार मोलाची, कारण विकणारीने स्वतःचाच एक जिन्नस विकायला नकार दिला आहे. असा एक नकार मजकुरात असला की बाकीच्या होकारांवर विश्वास बसतो. लिहिणाऱ्याने आपला धंदा जितका बारकाईने सांगावा तितकं वाचणाऱ्याला त्यात गुंतायला जागा मिळते. रंजकता म्हणून वरून काही घालावं लागत नाही.

संबोधनाचं काय करायचं, हा प्रश्न नवशिके फार विचारतात. 'आपण' की 'तुम्ही'? लग्नपत्रिकेत आणि सभासदांच्या नोटिशीत 'आपण' ठीक; रोजच्या व्यवहाराला 'तुम्ही' पुरतं आणि त्यात अनादर नसतो. जाहिरातीतला 'तू' मात्र बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजी मूळ मजकुराची छाया असतो. साठीच्या माणसाला बँकेच्या अ‍ॅपने 'तू' म्हटलं, की तो अ‍ॅप उडवतो आणि शाखेत जाऊन रांगेत उभा राहतो. एकाच पत्रात सुरुवातीला 'आपण' आणि धमकी आली की 'तुम्ही', हा प्रकार तर वाचकाच्या लगेच लक्षात येतो.

तोटा कोणाला, या प्रश्नाकडे परत येतो, कारण गेल्या काही वर्षांत नियामकांनी तो तोटा लिहिणाऱ्याच्या बाजूला सरकवायला सुरुवात केली आहे. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विमा पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतलं माहितीपत्र द्यावं लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर स्थानिक भाषेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ आणि लघुउद्योगांच्या कर्जांसाठी कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य तपशिलांचं पत्रक द्यावं लागतं. त्यातली एक अट मला हुंडीच्या जातीची वाटते: या पत्रकात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत केव्हाही लावता येत नाही. लिहिलं नाही तर पैसे बुडाले. अशा अटीनंतर बँकेचा मजकूर कसा नीट होतो ते पाहत राहावं. (पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, म्हणजे वरची नोटीस बरीच वर्षं तशीच राहील.) नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी जाहीर केली. त्यातल्या काही तर निव्वळ लेखनाच्या आहेत: ग्राहकाला लाजवणारं बटण, उलटसुलट नकारांचा प्रश्न, खोटी घाई. वाक्य मुद्दाम गोंधळाचं लिहिणं हा आता अनुचित व्यापार ठरू शकतो.

बाहेरच्या एकाच गोष्टीचा उल्लेख करतो. अमेरिकेच्या रोखे आयोगाने १९९८ मध्ये कंपन्यांना सोपं लिहायला शिकवणारी पुस्तिका काढली, तिची प्रस्तावना वॉरेन बफे यांची आहे. वार्षिक अहवाल लिहिताना आपण डॉरिस आणि बर्टी या आपल्या बहिणींशी बोलतो आहोत अशी कल्पना करतो, असं ते सांगतात: हुशार, पण हिशेबातल्या तज्ज्ञ नव्हेत. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या अहवालात 'सभासद बंधू-भगिनींनो' असं दर वर्षी छापलेलं असतं. बहीण अशी पहिल्या ओळीतच हजर असते, फक्त पुढच्या चाळीस पानांत तिच्याशी कोणी बोलत नाही. उसाला टनाला किती मिळाले आणि शेजारच्या कारखान्याने किती दिले, हे तिला हवं असतं. ते ताळेबंदाच्या कुठल्या तरी टिपेत शोधावं लागतं.

मजकूर यंत्राकडून लिहून घेण्याची आता सोय झाली आहे, तेव्हा हे पुस्तक कशाला, असं प्रकाशकांनीच मला विचारलं. यंत्र व्याकरण सांभाळतं आणि मायना चांगला लिहितं. पण तुमच्याकडे अनारसे पंधरवड्याआधी का सांगावे लागतात, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि सांगायला बसलात की निम्मं पत्र तिथेच लिहून होतं. ज्याला सांगण्यासारखं काही नाही त्याला मात्र यंत्राने मोठीच सोय केली आहे: पूर्वी त्याला पोकळ मजकूर लिहायला तास लागे.

पुस्तकाची मांडणी लेखनप्रकारांप्रमाणे न करता कामांप्रमाणे केली आहे. पैसे मागणं, भाव सांगणं, नकार देणं, उशीर कळवणं, चूक कबूल करणं, वापर शिकवणं, बोलावणं. नकाराचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे, कारण मराठी माणूस व्यापारात नाही म्हणताना सर्वांत जास्त शब्द वापरतो. जाहिरातीचं प्रकरण त्या मानाने आखूड आहे. त्या विषयावर लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक प्रकरणात एक खरा कागद आहे, नावं काढून, आणि शेजारी त्याचं दुसरं रूप. दुसरं रूप शेवटचं मानू नये. वर्गात अनेकदा विद्यार्थ्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं, आणि तिथे मी त्यांचंच घेतलं आहे.

ज्या दुकानदारांनी, वसुली अधिकाऱ्यांनी, बचत गटांतल्या बायकांनी आणि एका फार सोशिक विमा एजंटाने आपले कागद विश्वासाने हाती दिले, त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून छापलेली नाहीत. परिशिष्टातले नमुने उचलून वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांतल्या रकमा, तारखा आणि फोन नंबर मुद्दाम कोरे ठेवले आहेत; छापायला टाकण्याआधी ते भरले आहेत ना, एवढं पाहून घ्यावं.